इतर कागद

सत्तेचाळीस नंबरवर माझं बोट थांबलं. यादी टाइप केलेली होती, तीन पानं, प्रत्येक पानाखाली तीन सह्या, आणि मी ती वाचत नव्हतो, तपासत होतो. सवय मोठी वाईट गोष्ट. स्वतःच्या पोराच्या, रजतच्या, सामानाची यादी हातात आली, तरी आधी अनुक्रमांक सरळ आहेत का, खाडाखोड केली तिथं छोटी सही आहे का, शिक्का तारखेवर तर चढला नाही ना, हेच पाहिलं गेलं. समोर लान्सनायक ज्ञानेश्वर बसला होता, रजतच्या कंपनीतला, गुडघ्यावर टोपी ठेवून. सुट्टीवर अकोल्याला जाता जाता वर्ध्याला उतरून त्यानं ही काळी ट्रंक आणून दिली होती. सैनिकांच्या कार्यालयाचा व्हरांडा म्हणजे माझी जागा. रिटायर झाल्यापासून रोज अकराला मी इथं येऊन बसतो आणि देवळीपासून आर्वीपर्यंतच्या माजी सैनिकांचे, त्यांच्या बायकांचे फॉर्म फुकटात भरून देतो. त्याच माझ्या टेबलाशेजारी ती ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. बूट काळे, जोड एक. कॅनव्हासचे बूट, जोड एक. जर्सी हिरवी, दोन. दाढीचं सामान, डबीसह. हनुमानाचा फोटो, फ्रेमसह. मोबाइल एक, चालू. आणि मग सत्तेचाळीस: इतर कागद, निरुपयोगी, नष्ट केले.

इंग्रजीत होतं ते. पण मला मराठीतच ऐकू आलं, कारण वाक्य माझं होतं. माझ्या आधी पलटणीत ते लांबलचक लिहायचे, दोन ओळी, त्यात दोन चुका. मी नवीन नवीन क्लार्क झालो तेव्हा ते तीन तुकड्यांत बसवलं आणि साहेब खूश झाले. मग मी ज्या पोरांना काम शिकवलं त्यांनी ते उचललं, त्यांनी पुढच्यांना दिलं. रजत माझ्याच पलटणीत भरती झाला होता. बापाची पलटण म्हणून अर्जावर मी स्वतः लिहिलं होतं. आता तिथं जो कोण हेडक्लार्क बसला असेल, तो माझ्या चेल्याचा चेला. वाक्य इतकं फिरून माझ्याच टेबलावर आलं. मला वाटलं, उन्हानं चक्कर येते आहे. ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडं काही कमी नसतं. मी बाटलीतलं पाणी प्यालो आणि ज्ञानेश्वरला विचारलं की सत्तेचाळीस नंबरमध्ये काय होतं. तो टोपीकडं बघत म्हणाला, "काही नव्हतं सर. बडे बाबू बोलले, रद्दी होती." टोपीकडं बघून बोलायचं हेही आमचंच. सांत्वनाला जाणाऱ्या जवानाला मी बजावून पाठवायचो की घरच्यांच्या डोळ्यांत बघू नको, नाहीतर तोंडातून भलतंच निघेल.

लोकांना वाटतं फौज म्हणजे बंदूक. मी बावीस वर्षं फौजेत काढली आणि बंदूक हातात घेतली ती वर्षाकाठी चार दिवस, निशाणेबाजीच्या परीक्षेपुरती. बाकी सगळा कागद. दिल्लीत कुणी मंत्री सही करतो, तो कागद मुख्यालयात येतो, तिथून रेकॉर्ड ऑफिसला, तिथून पलटणीत, आणि पलटणीत एका तंबूत स्टोव्हवर हात शेकत मी बसलेला. खालून वर जायचं तेही याच वाटेनं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, आई वारली, हे कागदावर चढल्याशिवाय झालंच नाही. मरणसुद्धा. लढाईत मेला, बर्फात मेला, रस्त्यात मेला, प्रत्येकाचा रकाना वेगळा. रजत रस्त्यात गेला. घाटात गाडी उलटली, तिघं होते, दोघं वाचले. गावात लोकांनी बॅनर लावला, घोषणा दिल्या, नाचणगावच्या शाळेतली पोरं ओळीनं उभी केली. मी मनात म्हणत होतो, हा लढाईच्या रकान्यातला नाही बापा, कशाला ओरडता. इतका हरामखोर कारकून माझ्या आत बसलेला आहे.

तर जवान गेला की त्याची पेटी उघडायला तीन जण बसतात. एक अफसर, एक सुभेदार, एक आणखी. क्लार्क यादी लिहितो. सरकारी सामान सरकारजमा, बाकी घरी. आणि घरच्यांना दुःख होईल असं काही पाठवायचं नाही, असा दंडक. नियमात नेमके शब्द काय होते ते आता सांगता येणार नाही, पण आमच्या पलटणीत तो असाच वाचला जायचा. अफसर तरुण असायचा, त्याला मराठी यायची नाही. मग कागद माझ्याकडं सरकवायचा, "देख लो बाबू." मी बघायचो. काय जाळायचं ते ठरून गेलं होतं. दुसऱ्या बाईची पत्रं, एक. घरी सांगितलेलं नसेल असं आजारपण, व्यसन, उसनवारी, दोन. आणि तीन, घरच्याच माणसाविरुद्ध लिहिलेलं काही. रजतला दुसरी बाई नव्हती. व्यसन म्हणाल तर चहा. म्हणजे उरलं तिसरं. त्यात घरचं माणूस कोण, हे शोधायला मला लांब जायचं नव्हतं. इतकी वर्षं ज्यांना वाचवण्यासाठी मी काडी लावत होतो, त्यांच्या रांगेत आज मी उभा होतो.

ज्ञानेश्वरनं ट्रंक ऑटोत चढवून दिली, पाया पडला आणि स्टेशनकडं गेला. ऑटो बजाज चौकातून निघाला आणि मी एक पाय ट्रंकेवर टेकवून बसलो, हलू नये म्हणून. मग लक्षात आलं आपण कशावर पाय ठेवला आहे, काढून घेतला. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर उभं राहून मी रजतशी फोनवर बोललो होतो. त्याची पंधरा वर्षं भरत आली होती. पुढं नोकरी करायची की घरी यायचं, फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. तो म्हणाला, बाबा, मी येतो. नाचणगावच्या दोन एकरात वांगी, टमाटर, पालक लावतो, पुलगावचा बाजार दारात आहे, अंकिता आहे, आई आहे, बस झालं. मी म्हणालो हवालदार होऊ दे, मग नायब सुभेदार, माझ्यापुढं एक तरी पट्टी जाऊ दे. तो ऐकेना. मग माझ्या तोंडून गेलं, "वांगेच लावायचे होते त पंधरा वर्सं बंदूक कायले उचलली?" तो म्हणाला, ठीक आहे. त्यानं राहायचं लिहून दिलं. त्याच्यानंतर फोनवर आमचं बोलणं जेवलास का, जेवलो, आईकडं देतो, एवढंच राहिलं. मी मनात म्हणायचो, येईल तेव्हा बघू, पोरगाच आहे, रुसला असेल.

आर्वी नाक्यावर ऑटो अडकला. पुढं एसटी आडवी लागलेली, आंजीची. पाटी वाचली आणि सखूबाई आठवली. आठवली कसली, सकाळपासून ती मागं उभीच होती, मी वळत नव्हतो. तिचा नवरा ताराचंद माझ्या पलटणीतला, आंजी मोठीचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला, चौकीवर असताना बर्फाखाली गेला. त्याच्या पेटीत एक लाल डायरी निघाली, बियाण्याच्या दुकानातून मिळतात तसली. दोनशेच्या वर पानं, रोजचं लिहायचा, पेन्सिलनं, बारीक. अफसर म्हणाला देख लो बाबू. मी चाळली, आणि शेवटाकडं चार ओळी होत्या. सखूनं भांडण काढलं म्हणून सुट्टी आठ दिवस आधीच सोडून आलो. बरं झालं आलो. त्या घरात जीव रमत नाही. पुन्हा लवकर जाणार नाही. हिशोब सोपा होता, आठ दिवस आधी आला नसता तर त्या चौकीवर दुसरा कोणी असता. हे त्या बाईनं वाचलं तर जन्मभर जळत राहील, असं मला वाटलं. खरंच वाटलं, कळकळीनं वाटलं. डायरीची पानं फाडून पाठवली तर कळतं, म्हणून सगळीच स्टोव्हवर धरली. इतर कागद, निरुपयोगी, नष्ट केले. त्या दिवशी मला आपण फार चांगलं काम केल्यासारखं झालं होतं आणि जेवणही चांगलं गेलं होतं.

वर्षानं मी सुट्टीवर आलो तर ती नाचणगावला घर शोधत आली. दोन बस बदलून. तिशीतली असेल, डोक्यावर पदर, हातात यादी, घडी घालून घालून फाटायला आलेली. भागीरथानं, माझ्या बायकोनं, तिला चहा दिला. चहाला हात न लावता ती म्हणाली की डायरी दिसत नाही. तो लिहायचा, मला माहीत आहे, सुट्टीत आला तरी लिहायचा. मी कपाकडं बघत म्हणालो, काही नव्हतं बाई, निरुपयोगी कागद होते. तिनं विचारलं, "निरुपयोगी कोनाले, भाऊ?" आवाज चढवून नाही, खरंच माहिती विचारावी तसं. मी काहीतरी नियमाचं बोललो. ती उठली, भागीरथाला येते म्हणाली आणि गेली. पुढं मी रिटायर होऊन या व्हरांड्यात बसायला लागलो, तेव्हापासून दर नोव्हेंबरात ती हयातीच्या दाखल्यासाठी माझ्याच टेबलाशी येते. मी फॉर्म भरतो, ती सही करते, पोरीचं, नातवाचं सांगते, पिशवीतून शेंगा काढून ठेवते. तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही. आणि आज ऑटोत बसून मला पहिल्यांदा एक साधी गोष्ट कळली, की ज्या भांडणापासून मी तिला वाचवत होतो ते तिच्याच घरात झालं होतं. तिला ते माहीतच होतं. मी जाळलं ते बाकीचं, जे तिला माहीत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा भागीरथा दारातच होती. शेजारच्या दोघांनी ट्रंक आत आणून ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले, बरं केलं. कुलपाची किल्ली पाकिटात होती. सुनेनं, अंकितानं ती उघडली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्या दिवशी रजा टाकून घरी थांबली होती. वस्तू एकेक बाहेर निघत होत्या आणि मी यादी हातात घेऊन उभा, मनात खुणा करत. भागीरथानं हिरवी जर्सी उचलली, नाकाशी धरली, बराच वेळ धरली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "हे धुतलं काऊन?" कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवायचे, घामाचे, मातीचे पाठवायचे नाहीत, हाही माझाच नेम होता. तेवढ्यासाठी मी धोब्याच्या मागं लागायचो. जर्सीला साबणाचा वास येत होता, आणि कसलाच नाही. ती जर्सी मांडीवर घेऊन दिवाणावर बसली आणि तिची उसवलेली बाही बोटानं आत ढकलत राहिली.

अंकिताचं काढून झालं तरी ती शोधत होती. बुटांच्या आत हात घातला, फोटोच्या मागचा पुठ्ठा दाबून पाहिला, तळाचा वर्तमानपत्राचा कागदसुद्धा उचलला. मी विचारलं काय पाहते, तर काही नाही म्हणाली. पुन्हा विचारलं. मग तिनं सांगितलं की एक खाकी पाकीट होतं. त्यात पत्र होतं, रजतनं मला लिहिलेलं. शेवटचे चार महिने तो ते लिहीत होता. फोनवर बाबांशी बोलणं जेवलो याच्यापुढं जात नाही म्हणायचा, म्हणून लिहायचा, तिला फोनवर वाचून दाखवायचा, नाही जमलं म्हणून खोडायचा, पुन्हा लिहायचा. सुट्टीत येईन तेव्हा हातात देईन म्हणाला होता.

मी विचारलं काय लिहिलं होतं. तिनं टॉवेल उचलला, घडी मोडली, पुन्हा घातली. टॉवेलकडं बघत म्हणाली, "काई खास नाई, मामाजी. असंच."

तो सूर मला पाठ होता. नजर कुठं ठेवायची, शब्द किती कमी वापरायचे, सगळं तसंच. कुणी शिकवलं नव्हतं तिला; चांगल्या माणसाला ते आपोआप येतं, हेच त्यातलं वाईट. ती मला वाचवत होती. मी हो म्हटलं असतं तर त्या दिवशी जेवणं झाली असती, ट्रंक पलंगाखाली गेली असती, आणि मी उरलेली वर्षं त्या व्हरांड्यात दुसऱ्यांचे फॉर्म भरत काढली असती. मी ट्रंकेच्या काठावर टेकलो आणि म्हणालो, "अंकिता, मी बावीस वर्सं लोकाइले असंच सांगत आलो. तू मले नको सांगू. जे असन ते सांग."

ती भागीरथाकडं बघायला लागली. भागीरथा म्हणाली, "सांग त्याइले."

"त्याईनं लिहिलं होतं," अंकिता म्हणाली, आणि मुलांना पाठ म्हणून दाखवावं तशी सरळ म्हणून गेली, "बाबाले पोरगा नाई पायजे, सर्व्हिस बुक पायजे. मी मेलो तरी ते पयले नोंद बराबर झाली का पाहतीन."

मी हातातली यादी खाली ठेवली. लागलं, खोटं कशाला सांगू, इतकं लागलं की कान गरम झाले. पण खोटं काही नव्हतं त्यात. सकाळपासून मी तेच तर केलं होतं, शिक्का तारखेवर बसला का ते पाहिलं होतं. पोरगा बापाला ओळखून होता. आणि त्या लागण्याखाली, सांगायला लाज वाटते, थोडं बरंही वाटलं. तो माझ्याशी बोलला होता. दोन वर्षांनी पोरगा माझ्याशी बोलला होता. मी विचारलं, "आन् बाकीचं?"

"बाकी लय होतं. चार पानं होती."

"काय होतं?"

तिनं आठवायचा प्रयत्न केला. मी तिचा चेहरा बघत होतो, कपाळाला आठी घालून ती खरंच शोधत होती, ट्रंकेत शोधलं तसं. स्कूटरचं काहीतरी होतं म्हणाली, तुमच्या स्कूटरचं, तो लहान होता तेव्हाचं. आणखी वावरातल्या विहिरीचं. आणखी पलटणीत कुणी जुना सुभेदार त्याला म्हणाला होता की तुझे वडील असे होते, तसे होते. कसे, ते नाही आठवत. शेवटी काय होतं तेही नाही. "मी पोळ्या करून राह्यली होती, मामाजी. फोन ओट्यावर ठेवला होता. ते वाचत, मी हो हो करत होती. मले वाटलं, पत्र त येईनच." आणि ती रडायला लागली. बॅनर लागले तेव्हा, सलामी झाली तेव्हा, घडी केलेला झेंडा तिच्या हातात दिला तेव्हा ती रडली नव्हती. सगळे म्हणत होते काय धीराची बाई. आता टॉवेल तोंडाशी धरून ती रडत होती, आणि भागीरथा जर्सी बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसली.

स्कूटरच्या माझ्याजवळ दोन आठवणी आहेत. एकीत तो पुढं उभा आहे, हँडल धरून, पुलगावच्या फाटकाजवळ आगगाडी जाईपर्यंत आम्ही थांबलो आहोत आणि तो डबे मोजतो आहे. दुसरीत त्यानं स्कूटर पाडली आहे, आरसा फुटला आहे आणि मी त्याला चारचौघांत थोबाडीत मारली आहे. त्यानं कोणती लिहिली होती, ते आता कळणार नाही. कडू तेवढं अंकिताच्या लक्षात राहिलं, शब्दन् शब्द. तिचा काय दोष? मला ताराचंदच्या दोनशे पानांतल्या त्या चार ओळी आजही पाठ आहेत. बाकीच्या पानांवर काय होतं, मी तिथं बसल्या बसल्या डोकं खाजवून आठवत राहिलो. बोरांचं काहीतरी होतं का? नसेल. एका पानावर मात्र पोरीच्या दाताचं होतं, हे नक्की. पहिला दात. आला होता की पडला होता, ते नाही आठवलं.

दुपार उतरल्यावर अंकितानं तोंड धुतलं आणि पावती मागितली. सामान मिळाल्याची पावती आठ दिवसांत पलटणीत परत गेली पाहिजे, तिथून तिची प्रत रेकॉर्ड ऑफिसला, मग कुणाच्या तरी फाइलला लागून ती बंद. सही बायकोची, साक्षीदार म्हणून माझी. सही करून ती रिमार्कच्या रकान्यापाशी थांबली आणि काय लिहू म्हणाली. त्या रकान्यात लोक निल लिहितात. मी नोकरीत अशा शेकडो पावत्या फाइलला लावल्या, सगळ्यांवर निल. इथं व्हरांड्यात बसूनही मी विधवांना बोट ठेवून तेच सांगत आलो, इथं निल लिहा बाई. सखूबाईच्या पावतीवरही निल होतं. ती फाइल मीच बंद केली होती.

"लिही," मी म्हणालो, "कागद कमी आले."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात मराठीतच लिहिलं. त्यानं काही व्हायचं नाही, मला चांगलं माहीत आहे. पलटणीतला तो पोरगा वाचेल, कपाळाला हात लावेल, हेडक्लार्ककडं नेईल, आणि दोघं मिळून याला काय उत्तर द्यायचं ते ठरवत बसतील. बसू देत. मी खाली साक्षीदाराची सही केली. तारीख घालताना लक्षात आलं, नोव्हेंबर लागायला चारच दिवस राहिले होते. सखूबाई येईल. तिला आधी त्या चार ओळी सांगायच्या, मी काय केलं ते सांगायचं, मग दाताचं. आला होता की पडला होता, ते तिला माहीत असेल.